घरी सुरळीत, मांडवात अडखळते

सांगली-मिरजेकडे मॉडेल रेल्वे मांडणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो की गणपतीतला हलता देखावा, कुणाचा लेआउट, म्हणजे रूळ-घरं-झाडांची मांडणी, अडला की फोन फिरून फिरून त्याच चार घरांत येतो. तक्रारही ठरलेली. घरी गाडी तासन्‌तास फिरते. टेम्पोतून नेऊन मांडवात लावली की उद्‌घाटनापुरती चालते, आणि माणसं जमायला लागली की झटके देते, मध्येच थांबते, बोटानं ढकलली की पुन्हा निघते. पुढच्या प्रदर्शनात परत तेच. तोवर मालकानं इंजिन उघडून मोटर बाहेर काढलेली असते, आणि सगळं पुन्हा जोडल्यावर एक स्क्रू हातात उरलेला असतो.

मोटरीला हात लावू नका. घरी चालणारी मोटर सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत टेम्पोत बसून बिघडत नाही. बिघडतं ते बाकीचं: ज्यांवर लेआउट मांडतात त्या बोर्डांचे जोड, खालचे कनेक्टर, रुळांवरचा थर, मांडवातली वीज. यातलं नेमकं काय, हे इंजिन उघडून कळत नाही. गाडी कुठे थांबली आणि केव्हा थांबली, त्यावरून कळतं. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि उत्तर येतं, "कुठेही थांबते हो." कुठेही थांबत नसते. आपण बघितलेलं नसतं, एवढंच.

टिकल्या लावा

स्टेशनरीच्या दुकानातून साध्या टिकल्यांचं एक पाकीट घ्या, दोन रंगांचं. गाडी जिथे अडेल तिथे रुळाच्या बाहेरच्या बाजूला लाल टिकली, जिथे रुळावरून घसरेल तिथे काळी. इंजिनाच्या पुढच्या चाकापाशी लावायची, अंदाजानं नाही. शेजारी कागदावर वेळ आणि कोणतं इंजिन होतं ते लिहायचं. अर्धा तास दुसरं काही करायचं नाही. ढकला, टिकली लावा, पुढे जाऊ द्या. कार्यकर्ते आजूबाजूला अस्वस्थ होतात, "काहीतरी करा ना" म्हणतात. त्यांना टिकल्या लावायला बसवावं.

अर्ध्या तासानं लेआउटकडे वरून बघा. लाल टिकल्या दोन-तीन जागीच गोळा झाल्या असतील तर दोष रुळांत किंवा तारांत. टिकल्या सगळीकडे विखुरलेल्या, पण कागदावर इंजिन एकच, तर त्या इंजिनाची चाकं. टिकल्या विखुरलेल्या, इंजिनं सगळीच, आणि वेळ मात्र संध्याकाळी सातनंतरची, तर वीज किंवा घाण. बहुतेक वेळा पहिलाच प्रकार निघतो, आणि त्या दोन-तीन जागा हटकून बोर्डांच्या जोडापाशी असतात. म्हणून जोडाबद्दल जरा सविस्तर.

जोड

घरच्या लेआउटचा आणि प्रदर्शनाच्या लेआउटचा खरा फरक हाच. पुण्याला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून आलेले लोक विचारतात, की तिथे 1998 पासून गाड्या धावतायत, मग तुमचीच का अडते? कारण तिथला लेआउट टेम्पोत चढत नाही. आपला बोर्ड चार फुटांचा, असे चार-पाच, प्रत्येक वेळी सुटणार आणि प्रत्येक वेळी जुळणार.

जोडावरून वीज न्यायला बरेच जण फिशप्लेटच वापरतात. बोर्ड एकमेकांना भिडवायचे आणि ती छोटी पत्र्याची पट्टी या रुळावरून त्या रुळावर सरकवायची. दोन-तीनदा चालतं. पण फिशप्लेट रुळाला घट्ट धरते ती तिच्या कडांच्या ताणामुळे. मागेपुढे सरकवत राहिलं की तो ताण जातो. दिसायला बसलेली असते, पण वरून इंजिनाचं वजन आलं तरच टेकते. अशा जोडाची खूण म्हणजे इंजिन जोडावर थांबत नाही, जोड ओलांडल्यावर वीतभर पुढे मंद होतं. टिकली तिथे लागते, दोष मात्र मागे असतो. हे लक्षात न घेता लोक टिकलीखालचा रूळ घासत बसतात.

फिशप्लेट रूळ सरळ रेषेत ठेवण्यासाठी. विजेसाठी तिच्यावर विसंबू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची फीडर वायर सोल्डर करा, आणि त्या सगळ्या बोर्डाखालून जाणाऱ्या दोन जाड वायरींना जोडा. जाड म्हणजे घराच्या वायरिंगला वापरतात ती दीड स्क्वेअर मिलिमीटरची. ती का, तर हिशेब बघा. कंट्रोलर, म्हणजे रुळाला वीज देऊन वेग कमी-जास्त करणारा डबा, तिथून शेवटचा बोर्ड पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. त्यातून एक अँपियर गेला तर दीड स्क्वेअरच्या वायरीत दशांश एक व्होल्टच्या आसपास खर्च होतो. तेच काम बेलच्या बारीक वायरीनं, समजा 0.2 स्क्वेअरनं केलं तर पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो, वर प्रत्येक कनेक्टरचा वेगळा. बारा व्होल्टांत हे जाणवतं.

आता जोडाची यांत्रिक बाजू. रूळ वर-खाली किंवा डावी-उजवीकडे अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी एचओ मापाचं (खऱ्याच्या 1:87) चाक तिथे उडी मारतं. नुसत्या नट-बोल्टनं बोर्ड आवळले तर बोल्टच्या भोकातली ढिलाई दरवेळी वेगळी बसते. जागा पक्की करायची ती पिन आणि बुशनं (पिन जिच्यात बसते ती नळी), बोल्टनं फक्त आवळायचं. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही टर्नरकडे जा. आठ मिलिमीटरची लोखंडी पिन आणि तिला बेताची बसणारी पितळी बुश, अशा जोड्या तो तुमच्यासमोर काढून देतो. "कशाला पाहिजे?" विचारतो, रेल्वे म्हटलं की आधी हसतो आणि मग जास्त मन लावून करतो.

क्रम चुकवू नका. आधी दोन्ही बोर्डांच्या शेवटच्या फळ्या एकमेकींना सी-क्लॅम्पनं आवळून एकदमच भोकं पाडायची. मग पिना-बुश. मग बोर्ड जोडलेले असतानाच रूळ जोडावरून अखंड टाकायचा. जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली पितळी स्क्रू लाकडात बसवून त्यांच्या डोक्यांवर रूळ सोल्डर करायचा. आणि शेवटी, सगळं थंड झाल्यावर, बारीक डिस्कनं रूळ कापायचा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर आयुष्यभर जुळवतच राहाल.

ज्यांचा लेआउट आधीच तयार आहे त्यांनी निदान स्क्रू आणि सोल्डरचं काम करून घ्यावं. रुळाची उघडी टोकं टेम्पोत सगळ्यात आधी वाकतात. दोन बोर्ड तोंडाला तोंड लावून, मध्ये प्लायचे तुकडे टाकून आवळले तर टोकं झाकली जातात आणि घरं-झाडंही वाचतात.

बल्बची चाचणी

मल्टिमीटर टेकवला, शेवटच्या बोर्डावर बारा व्होल्ट दिसले, म्हणून वायरिंग ठीक आहे असं समजणं ही नेहमीची फसगत. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एका बारीक केसानं टेकलेला जोडही त्याला पुरे बारा व्होल्ट दाखवतो. इंजिन करंट मागतं तेव्हा जोड उघडा पडतो.

मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा बल्ब घ्या. तो पाऊण अँपियरहून थोडा जास्त घेतो, म्हणजे दोन-तीन इंजिनांइतका. होल्डरला दोन वायरी, टोकांना क्लिपा. सेटसोबत मिळणारे काही छोटे कंट्रोलर एक अँपियरही देत नाहीत. त्यांच्यासाठी पाच वॅटचा पार्किंगचा बल्ब बरा. रुळावरची इंजिनं उचला, कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब आधी कंट्रोलरजवळच्या रुळाला लावा आणि त्याच दोन रुळांवर मीटर टेकवून आकडा लिहा. मग पुढचा बोर्ड, मग त्याच्या पुढचा. एका बोर्डावरून दुसऱ्यावर जाताना आकडा एकदम पडला की दोष त्या दोहोंच्या मधल्या कनेक्टरात. हळूहळू थोडा थोडा पडत गेला तर वायर बारीक आहे. बल्ब लावलेला असताना संशयित कनेक्टर हातानं हलवून बघा. उजेड फडफडला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

हे सगळं आदल्या रात्री, मांडवात, बोर्ड जुळवल्यानंतर. घरी करून उपयोग नाही.

डीसीसीवाल्यांसाठी, म्हणजे जे इंजिनांना रुळांतूनच डिजिटल हुकूम पाठवतात त्यांच्यासाठी: साधा मीटर तिथे नीट आकडा देत नाही. शेवटच्या बोर्डावर दोन्ही रुळांना टेकेल असं नाणं ठेवा. कमांड स्टेशन (डीसीसीचा कंट्रोलर) तत्काळ ट्रिप झालं पाहिजे, म्हणजे स्वतःहून बंद पडलं पाहिजे. झालं नाही तर नाणं लगेच उचला, कारण तेवढा करंट वायरीतच उष्णता होऊन जातोय. प्रत्येक बोर्डावर ही चाचणी पास झाल्याशिवाय गर्दीसमोर गाडी सोडू नये.

लहान इंजिन आधी सांगतं

आमच्या मांडणीत मिरज स्टेशन आहे, तेही 1971 नंतरचं, म्हणजे पुण्याकडून ब्रॉडगेज आली, मीटरगेज अजून होती आणि 1927 साली मिरजेला पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेजही होती. हा काळ लोकांना आवडतो. वयस्कर माणसं नॅरोगेजपाशी थबकतात. मापांची गंमत अशी की एचओ म्हणजे 1:87 मध्ये 762 मिलिमीटरची नॅरोगेज पावणेनऊ मिलिमीटर येते, त्यामुळे बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ चपखल बसतो. आपली 1676 ची ब्रॉडगेज मात्र सव्वाएकोणीस मिलिमीटर येते आणि तसा रूळ तयार मिळत नाही, म्हणून सगळेच साडेसोळावर चालवतात. जाणकार प्रेक्षक पट्टी काढतो. त्याला चहा पाजावा.

दुखणं शोधायला मात्र नॅरोगेजच कामाला येते. छोटं इंजिन हलकं, चाकं कमी, पहिल्या आणि शेवटच्या चाकातलं अंतर कमी. सहा आक्सलचं डिझेल दोन चाकं घाणीवर असली तरी बाकीच्यांतून वीज घेऊन निघून जातं. छोटं तिथेच उभं राहतं. मोठं इंजिन अडायला लागलं म्हणजे रोग बराच पुढे गेलाय. तेव्हा लेआउटवर एखादं लहान शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) मुद्दाम ठेवा आणि त्याच्या टिकल्या गंभीरपणे घ्या. ते पॉइंटच्या (रुळाला फाटा फुटतो त्या जागेच्या) फ्रॉगवरच, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावरच, थांबत असेल तर घाणीचा प्रश्न नाही. फ्रॉग प्लॅस्टिकचा आहे आणि इंजिन त्याहून आखूड आहे. धातूचा, वीज बदलणारा फ्रॉग बसवा किंवा त्या रुळावर लांब इंजिनच चालवा.

घाण कुठून येते

सातनंतरच्या टिकल्यांकडे वळू. मांडवात आरती होते, कापूर जळतो, उदबत्त्यांचा झुबका पेटतो. कापराची काजळी आणि उदबत्तीचा चिकट धूर रुळावर बसतो, त्यावर पायांनी उडालेली धूळ. आणि आपल्या सांगलीत भडंग. पोरगं एका हातात भडंगाचा पुडा धरून दुसऱ्या हातानं डबा सरळ करायला येतं. त्याची बोटं तेला-तिखटाची. तो ठसा रुळावर उमटला की पहिलं इंजिन तो चाकांवर उचलतं आणि पूर्ण फेरीभर वाटत जातं. चढावर गाडी घसरायला लागली, चाकं फिरतायत पण डबे हलत नाहीत, तर काजळीआधी भडंग आठवा.

पांढऱ्या कापडाची चिंधी बोटाला गुंडाळून रुळावरून एक वीतभर ओढा. कोरडा करडा डाग आला तर धूळ. काळा चकचकीत आला तर चाकांखालच्या बारीक ठिणग्यांनी जमवलेला थर. पिवळट तेलकट आला तर वरचं पोरगं, नाहीतर तुम्ही स्वतः इंजिनात घातलेलं जास्तीचं तेल. इंजिनाला प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच.

पॉलिश पेपर वापरू नका. तात्पुरतं चकाकतं, पण त्याचे चरे पुढची घाण धरून ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ लगेच स्वच्छ दिसतो, तरी काळा थर लवकर परत येतो असा माझा अनुभव. रंगारी वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन कापडाला जेमतेम लावून पुसलं आणि मग कोरड्या कापडानं काढलं तर जास्त टिकतं. दोन्ही पेटणारी आहेत. समई तेवत असताना मांडवात बाटली उघडायची नाही. हे काम सकाळी, दिवे-पणत्या नसताना करायचं आणि बाटली घरी परत न्यायची.

रूळ निकेल सिल्व्हरचे असतील तर नावात चांदी असली तरी आत तांबं, निकेल आणि जस्तच असतं, पण पावसाळ्यात ते पितळेपेक्षा खूप बरे टिकतात. जुने पितळी रूळ भाद्रपदाच्या दमट हवेत एका रात्रीत काळवंडतात. त्यांना रोज सकाळी पुसण्यावाचून सुटका नाही.

रूळ पुसून चाकं विसरणं म्हणजे अर्धंच काम. टिश्यू पेपरची पट्टी दोन्ही रुळांवर आडवी टाका, थोडी ओली करा. इंजिनाची एक बोगी (चाकांचा एक संच) पट्टीवर, दुसरी उघड्या रुळावर. इंजिन हातानं धरून कंट्रोलर थोडा उघडा. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. कागद सरकवत राहा. रेघा फिक्या झाल्या की इंजिन फिरवून दुसरी बोगी. डब्यांची चाकं प्लॅस्टिकची असतील तर जमेल तशी धातूची करा. प्लॅस्टिकची चाकं घाण गोळा करून पुन्हा रुळावर पसरतात, आणि ती कुणी पुसत नाही.

मांडवातली वीज

जुना ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोलर असेल तर मेनचं व्होल्टेज उतरलं की त्याचंही उतरतं. संध्याकाळी साउंड, हॅलोजन आणि शेजारच्या स्टॉलची कढई-मिक्सर एकाच लाइनवर आले की गाड्या सुस्तावतात, आणि आपण रूळ पुसत बसतो. त्याच वेळी कंट्रोलरच्या तोंडाशी मीटर लावून बघा. तिथेच आकडा कमी असेल तर लेआउटचा काही दोष नाही. 100 ते 240 व्होल्टांवर चालणारा रेग्युलेटेड एसएमपीएस, म्हणजे मेनचं व्होल्टेज उतरलं तरी सारखंच व्होल्टेज देणारा पुरवठा, घेतला की हा विषय संपतो. मांडववाल्याच्या एक्स्टेन्शनमध्ये पिन सैल बसत असेल तर स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड आणा. 230 व्होल्टचं जे काही आहे ते टेबलाखाली, मुलांचा हात पोचणार नाही असं, आणि अर्थिंग असलेलंच.

पत्र्याच्या मांडवात दुपारी आणखी एक भानगड होते. निकेल सिल्व्हर तापमानागणिक साधारण लोखंडाच्या दीडपट प्रसरण पावतं. सव्वा मीटरचा रूळ वीस अंशांनी तापला तर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोकं पितळी स्क्रूंना सोल्डर केलेली, मध्ये कुठे फट नाही, तर रूळ जाणार कुठे? बाजूला फुगतो. डिसेंबरच्या थंडीत रूळ टाकणाऱ्यांच्या लेआउटवर काळ्या टिकल्या मे महिन्यात बोर्डाच्या मध्यावर लागतात त्या यामुळे. मध्ये एके ठिकाणी फिशप्लेटखाली अर्धा मिलिमीटर फट सोडा. वीज फीडरनं येतेच आहे.

डबे घसरतात तेव्हा

घसरणीच्या टिकल्या जोडावर असतील तर वर आलंच आहे. वळणावर असतील तर आधी पाणसळ लावा. शाळेची फरशी, मंगल कार्यालयाचं अंगण, मांडवातल्या फळ्या, काहीच सपाट नसतं. विटेचे तुकडे आणि पुठ्ठ्याच्या पाचरी रात्रीतून दबतात. टेबलाच्या पायांना खालून आत-बाहेर फिरणारे बोल्ट बसवून घ्या.

पाणसळ ठीक आणि तरी लांब गाडी वळणावर आतल्या बाजूला पडते, तर डबे हलके आहेत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली जलदूत लोकांना हमखास हवी असते. टाकीचे वॅगन मॉडेलमध्ये पोकळ प्लॅस्टिकचे. पुढून इंजिन ओढतं, मागून वजन धरतं, मधले आतल्या बाजूला ओढले जातात. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची एचओसाठी शिफारस आहे: 28 ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला 14 ग्रॅम. सहा इंची वॅगन 112 ग्रॅमची हवी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. बहुतेक निम्म्यावरच भरते. टायर बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं आत, तळाशी लावा. एकच डबा वारंवार घसरत असेल तर चाकांमधलं आतलं अंतर मोजा, एचओला साधारण साडेचौदा मिलिमीटर.

गर्दीसमोर

इतकं करूनही शनिवारी रात्री साडेआठला काहीतरी अडणारच. म्हणून दोन स्वतंत्र फेऱ्या, दोन स्वतंत्र कंट्रोलर. एकीवर दुरुस्ती चालू असताना दुसरीवर गाडी फिरत राहिली पाहिजे. काहीच हलत नाही असं दिसलं की मागची रांग पुढे ढकलते आणि पुढचे टेबलावर रेलतात. दोरी टेबलापासून हातभर लांब बांधा, टेबलालाच नको, नाहीतर दोरीला टेकलेला प्रत्येक माणूस बोर्डाचा जोड हलवतो. इंजिनं तासा-तासानं बदला, गरम झालेलं बाजूला ठेवा. आणि एक माणूस फक्त बोलायला ठेवा, ज्याच्या हातात काहीच काम नाही. "ही मिरज का? मग सांगली कुठाय?" याला उत्तर देत देत सोल्डरिंग गन धरली तर जळतो आपलाच अंगठा.